जुन्या सार्वजनिक इमारतीत नवं वायरिंग, नवा एसी: कामाचा क्रम

जुन्या वाचनालयात, सभागृहात, न्यायालयात किंवा संग्रहालयात वीज, वातानुकूलन आणि पाण्याची कामं बिघडतात ती बहुतेक वेळा माल हलका वापरला म्हणून नाही. क्रम उलटा झाला म्हणून. आधी मशीन ठरतं, मग ते ठेवायला जागा शोधली जाते, मग पाइप न्यायला भिंत फोडली जाते, आणि भिंत फुटल्यावर कुणीतरी विचारतं की ही फोडायची परवानगी होती का? मी पाहिलेल्या फसलेल्या कामांपैकी निम्म्याहून अधिक कामांत दोष मिस्त्रीचा नव्हता. त्याच्या हातात छिन्नी ज्या दिवशी दिली, तो दिवस चुकला होता.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. एखादा तुमच्याकडे लागू नसेल तर वगळा, पण पुढचा मागे आणि मागचा पुढे करू नका.

१. कशाला हात लावायचा नाही, ते आधी कागदावर

इमारतीच्या प्रत्येक खोलीचे फोटो आणि साधा नकाशा घ्या. संवर्धन वास्तुविशारदासोबत फिरून तीन रंगांनी खुणा करा: जिथे काहीच करायचं नाही (रंगवलेलं छत, कोरीव लाकूडकाम, मूळ गिलावा, नक्षीची लादी), जिथे विचारून करायचं, आणि जिथे मोकळीक आहे (तळघर, माळा, आधीच बदललेली स्वच्छतागृहं, मागचे जिने). वारसा संरक्षणाची परवानगी लागत असेल तर ती याच नकाशावर घ्या. नुसतं "विद्युतीकरणाचं नूतनीकरण" असं लिहून घेतलेली परवानगी पहिल्या भोकाला उपयोगी पडत नाही.

२. आहे ते शोधा, आणि कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका

हा टप्पा लोक दोन दिवसांत उरकतात. दोन-तीन आठवडे द्या.

जुन्या इमारतीत वायरिंगचे थर असतात. लाकडी केसिंग-कॅपिंगमधली, म्हणजे झाकणाच्या पट्टीतली, रबराची वायर, शिशाच्या आवरणाची केबल, मग लोखंडी कन्ड्युट (वायर नेण्याचा नळ), मग पीव्हीसी, आणि या सगळ्यांवर गेल्या दहा-वीस वर्षांत कुणी कुणी ठोकलेल्या पट्ट्या. यातलं काय चालू आहे आणि काय मेलेलं आहे, हे नुसतं बघून कळत नाही.

एका सभागृहात आम्ही मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, सगळे दिवे विझले. मनोऱ्याकडे जाणाऱ्या जिन्यात एक कन्ड्युट कापायचं होतं. सहकाऱ्यानं सवयीनं टेस्टर लावला तर तो पेटला. घड्याळासाठी कधीकाळी वेगळा फीडर, म्हणजे पुरवठ्याची स्वतंत्र केबल, घेतलेला होता, तो मागच्या आवारातून थेट वर जात होता आणि मुख्य पॅनलवर त्याचा पत्ताच नव्हता. घड्याळ बंद पडून जमाना झाला होता. वीज मात्र चालू होती.

तेव्हा पद्धत अशी ठेवा. इमारतीत बाहेरून येणारी प्रत्येक केबल शोधा, जमिनीतून येणारी आणि शेजारच्या इमारतीतून येणारीसुद्धा. प्रत्येक सर्किट एकेक करून पाडा, काय बंद झालं ते लिहा. जुन्या पद्धतीत काही ठिकाणी फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज तशीच जिवंत राहते. म्हणून "दिवा लागत नाही" याचा अर्थ "वीज नाही" असा कधीच घ्यायचा नाही.

आता रबराच्या वायरीबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. मेगर या मीटरनं ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासतात आणि नेहमीच्या लो-व्होल्टेज सर्किटला किमान १ मेगओहम यावा असा संकेत आहे. जुनी रबराची वायर कोरडी आणि न हललेली असेल तर हा आकडा छान येतो. मग कुणीतरी म्हणतं, "वायर चांगली आहे, फक्त बोर्ड बदलू." बोर्ड उघडून ती वायर दोन बोटांत धरून जरा वाकवली की रबर वाळलेल्या सालीसारखं गळून पडतं आणि हातात उघडं तांबं उरतं. मेगरला काहीच दोष नाही. त्यानं वायर हलवली नव्हती, तुम्ही हलवलीत. अशी वायर पुन्हा जोडायची नाही. तिचं सर्किट पूर्ण बदलायचं.

सावध: मेगर लावण्याआधी त्या सर्किटवरचे एलईडी, कंट्रोल, संगणक, अलार्मची उपकरणं सोडवून घ्या. ५०० व्होल्टला ती जळतात.

सावध: जुन्या फ्यूजबोर्डाच्या आतली राखाडी पाठपट्टी, पाइपांवरचं पांढरं लेपण, बॉयलरचं आच्छादन यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन. नमुना तपासून येईपर्यंत ड्रिल बंद.

पाण्याच्या बाजूला शिशाचे पाइप आणि बंद टोकं शोधा. जिथला नळ काढून टाकला पण पाइप ठेवला, तिथे पाणी साचून राहतं. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लेजिओनेला (फुप्फुसाचा आजार करणारा जीवाणू) वाढतो, म्हणून अशी टोकं मुख्य पाइपापाशीच कापून बंद करायची.

३. वर्षभर मोजा, जमलं नाही तर निदान एक ओला आणि एक कोरडा हंगाम

जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, उंच छत आणि वरचे झरोके मिळून ओल आणि उष्णता सांभाळत असतात. ती व्यवस्था समजून न घेता एसी बसवला की वर्ष-दोन वर्षांत गिलावा फुगतो आणि दारांच्या चौकटी चिरतात. दोष मग पावसावर टाकला जातो.

तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर ठेवा: खोलीच्या मध्यात, बाहेरच्या भिंतीपाशी, माळ्यावर, तळघरात. गर्दीच्या दिवसांची नोंद वेगळी. शांत बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम ओलावा हवेत सोडतो, म्हणजे तीनशे माणसांच्या कार्यक्रमात तासाला पंधरा लिटर पाणी हवेत येतं. तुमची यंत्रणा खरी या आकड्याशी झगडणार आहे, बाहेरच्या उन्हाशी तितकी नाही.

तपासा: भिंतीतली ओल जमिनीतून चढते, पन्हाळीतून गळते की हवेतून बसते? पन्हाळ गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा. ओलसर भिंतीवर एसी हा इलाज नाही. एसी ती भिंत घाईनं सुकवतो आणि आतले क्षार पृष्ठभागावर आणून गिलावा उडवतो.

४. भार आधी कमी करा, मग मोजा

जुन्या ६० वॉटच्या दिव्याच्या जागी ७ ते ९ वॉटचा एलईडी येतो, त्यामुळे दिव्यांचा भार कोसळतो. त्याच्या जोरावर लोक मुख्य केबल तशीच ठेवतात आणि नंतर तिच्यावर एसी, सर्व्हर, लिफ्ट आणि पंप टाकतात. आठवडाभर लोड लॉगर लावून आजचा खरा भार घ्या, त्यात येणारं प्रत्येक उपकरण मिळवा, मगच सप्लायचा अर्ज करा.

एलईडीची एक खोट: ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचतात. एका एमसीबीवर (जास्त प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या स्विचवर) पन्नास दिवे लावले तर वॉटचा हिशेब बरोबर असूनही तो पडतो. शिवाय त्यांच्या हार्मोनिक्समुळे (प्रवाहाच्या लहरीतल्या विकृतीमुळे) न्यूट्रलमधून अपेक्षेपेक्षा जास्त प्रवाह वाहतो, म्हणून न्यूट्रल बारीक घ्यायची नाही.

पडदे, खिडक्यांच्या फटी, माळ्यावरचं इन्सुलेशन यातूनही थंडाव्याची गरज घटते. खिडक्या नीट बसवून घेतल्यावर एसीची क्षमता ठरवा. आधी ठरवलीत तर मशीन गरजेपेक्षा मोठं येतं. मोठं मशीन थोडा वेळ चालून आपोआप बंद होत राहतं. हवा गार होते, पण ओलावा निघत नाही.

५. मार्ग

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. मशीनचं कॅटलॉग अजून उघडू नका.

जुन्या इमारतीत तयार मार्ग असतातच: वापरात नसलेल्या धुराच्या चिमण्या, लाकडी फरशीखालची पोकळी, माळा, तळघराचं छत, मागचा जिना, जुन्या वायरींची केसिंग, खिडकीच्या खणामागची जागा. हे सगळे नकाशावर घ्या आणि मोकळे आहेत का ते बघा. चिमणीत दोरीला वजन बांधून खाली सोडा, मग कॅमेरा सोडा. मध्येच वाकलेली, पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजलेली किंवा शेजारच्या चिमणीत फुटलेली निघते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या चार चिमण्यांतली एकच कामाला येते, असं धरून चला.

मार्ग निवडताना उभा प्रवास एकाच ठिकाणी गोळा करा. प्रत्येक मजल्यावर वेगळं भोक पाडण्यापेक्षा एक चिमणी किंवा मागच्या जिन्यातली एक उभी पेटी पुरते. त्यात वीज आणि डेटा वेगळ्या बाजूंना, आणि पाणी शक्यतो नकोच. न्यावंच लागलं तर सगळ्यात खाली, खाली ताट आणि गळतीचा सेन्सर लावून.

दगडी भिंतीत झिरी मारायची वेळ आलीच तर दगडात नाही, दोन दगडांमधल्या दरजेत. दरज पुन्हा चुन्यानं भरायची. सिमेंट भरलं तर ते भोवतालच्या दगड-चुन्यापेक्षा कडक असतं आणि ओल अडवतं. मग दरज शाबूत राहते आणि दगडाची कड झडते. चुन्याच्या गिलाव्यावर जिप्समचा पॅच हीसुद्धा तशीच चूक. ओलीत तो आधी फुगतो, मग रंगासकट सुटतो.

लाकडी तुळया आणि वाशांना खाच मारायची नाही. केबल न्यायचीच असेल तर तुळईच्या उंचीच्या मधोमध लहान गोल भोक, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जागा दाखवल्यावर. वरून किंवा खालून मारलेली खाच तुळईच्या सगळ्यात ताणलेल्या किंवा दाबलेल्या तंतूंवर घाव घालते. सुतार म्हणेल, "एवढ्यानं काय होतंय." आधीच्या तीन सुतारांनीही हेच म्हटलेलं असतं, त्यांच्या खाचाही मोजून घ्या.

लपवता येत नसेल तर उघडं ठेवायला लाजू नका. सरळ रेषेत, कोपऱ्याच्या आडोशानं नेलेलं तांब्याचं किंवा रंगवलेलं लोखंडी कन्ड्युट डोळ्याला खुपत नाही. छत कापून बसवलेलं फॉल्स सीलिंग खुपतं, आणि वरची गळती दिसूही देत नाही.

तपासा: प्रत्येक मार्ग काढून टाकला तर भिंत पूर्वीसारखी करता येईल का? नाही असं उत्तर आलं तर मार्ग बदला.

तपासा: नवी केबल बदलताना तोच मार्ग वापरता येईल का? ओढता न येणारी, गिलाव्यात पुरलेली केबल म्हणजे पुढच्या पिढीला दिलेली छिन्नी.

६. आता मशीन

मार्गाच्या मापात बसेल ते मशीन घ्या. मोठे डक्ट नेता येत नसतील तर बारीक पाइपांची व्हीआरएफ पद्धत (बाहेरच्या एका युनिटवरून अनेक खोल्यांत रेफ्रिजरंट, म्हणजे थंडावा वाहून नेणारा वायू, नेणारी) सोपी पडते. चिल्ड वॉटरचे, म्हणजे थंड पाणी खेळवण्याचे, पाइप जाड असतात आणि गळले तर छत जातं. मात्र व्हीआरएफमध्ये लांबच्या पाइपांत बराच रेफ्रिजरंट असतो; काही नवे रेफ्रिजरंट, जसा आर-३२, सौम्य ज्वलनशील आहेत. छोट्या बंद खोलीत तो साचला तर काय, याचा हिशेब पुरवठादाराकडून लेखी घ्या.

खोलीत २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) साडेसतरा अंशांच्या आसपास येतो. डक्टमधली थंड हवा १३-१४ अंशांची असते. म्हणजे इन्सुलेशनमध्ये कुठेही फट राहिली की तिथे पाणी ठिबकणार, आणि ते लाकडी छतावर ठिबकणार. लटकवण्याच्या क्लॅम्पपाशी इन्सुलेशन तोडून टाकायची सवय जवळपास सगळ्यांना असते. तिथेच हात लावून बघा.

कंडेन्सेटच्या, म्हणजे एसीतून निघणाऱ्या पाण्याच्या, निचऱ्याला किमान शंभरास एक उतार हवा. लांबच्या मार्गावर तो मिळत नाही, मग पंप लागतो, आणि पंप कधीतरी बंद पडतोच. म्हणून पंपाच्या ताटात पाणी चढलं की मशीन आपोआप थांबेल असा फ्लोट स्विच जोडा.

लाकूड, कागद, चित्रं असलेल्या खोल्यांत रात्री एसी पूर्ण बंद करून सकाळी जोरात लावण्यापेक्षा हळू बदल बरा. आर्द्रतेचा झटका लाकडाला थंडीपेक्षा जास्त लागतो.

बाहेरचे युनिट दर्शनी बाजूला नको हे सगळ्यांना कळतं. कंपनाचं विसरतात. रबरी पॅडशिवाय जुन्या गच्चीवर टेकवलेलं युनिट खालच्या शांत वाचनकक्षात रात्रंदिवस घुमतं. बॅटरी आणि पाण्याच्या टाक्यांचं वजन कुठल्या तुळईवर येतंय, तेही इथेच तपासून घ्या.

७. आगीची व्यवस्था काम सुरू होण्याआधी

नेहमीच्या क्रमातली ही उलटापालट मुद्दाम आहे. नवी अलार्म यंत्रणा "शेवटी, रंगकामानंतर" बसवतात, आणि इमारत सगळ्यात धोक्यात असते ती कामाच्या मधल्या काळात.

२०१५ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं क्लँडन पार्क हे जुनं हवेलीवजा घर जळालं. आग तळघरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातल्या दोषातून लागली आणि भिंतींमधल्या पोकळ्यांतून छपरापर्यंत गेली. २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय गेलं. तपासात उगम सभागृहातल्या एसीपाशी सापडला, आणि आग विझवायला जवळच्या हायड्रंटमध्ये (अग्निशमनाच्या नळात) पुरेसं पाणी नव्हतं. पाचव्या टप्प्यात आपण जे मार्ग आनंदानं शोधले, तेच आगीचेही मार्ग आहेत.

म्हणून:

- वायरलेस डिटेक्टर आधी लावा. नक्षीच्या छताखाली ते बसवता येत नसतील तर बारीक नळीतून हवा ओढून धूर तपासणारी यंत्रणा वापरा. छताला पेन्सिलीएवढं भोक पुरतं, कधी आधीच असलेलं झुंबराचं भोकच चालतं.
- हायड्रंटचा दाब प्रत्यक्ष पाणी उडवून बघा.
- केबल जिथे जिथे भिंत किंवा मजला ओलांडते, तिथलं भोक त्याच दिवशी अग्निरोधक मालानं बंद करा. "शेवटी सगळी एकदम करू" म्हणणाऱ्या ठेकेदाराची दहा भोकं राहतात.
- वेल्डिंग, ग्राइंडर, टॉर्चचं काम रोजच्या लेखी परवान्याशिवाय नाही. काम थांबल्यावर किमान तासभर माणूस तिथे बसवा. तो माणूस म्हणजे घरी जायच्या घाईतला वेल्डर नव्हे.

तपासा: अलार्म वाजला की पॅनलवर जे नाव येतं, ते रात्रीच्या पहारेकऱ्याला कळतं का? २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली तेव्हा अलार्म वेळेत वाजला होता, पण आधी चुकीच्या माळ्यावर बघितलं गेलं आणि मोलाचा वेळ गेला. "झोन ४" लिहू नका, "उत्तरेकडचा माळा, लोखंडी जिन्यानं वर" असं लिहा. मग पहारेकऱ्याला प्रत्यक्ष पळत जायला लावून बघा.

८. नवं उभं करा, मग जुनं मारा

जुनं काढून त्या जागी नवं, असं करू नका. नवा मुख्य पॅनल नव्या जागी उभा करा, नवी सर्किटं ओढा, तपासा, मग एकेक विभाग नव्यावर हलवा. इमारत चालू ठेवायची असेल तर दुसरा मार्गही नाही.

जुन्या वायरला नवी वायर जोडून "तात्पुरतं" चालू करणं ही सगळ्यात महागडी बचत. तो सांधा कायमचा राहतो. जिथे जुनं सर्किट काही दिवस ठेवावंच लागेल, तिथे त्याच्या उगमाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) लावा. तो लगेच पडला तर समजा, त्यानं तुम्हाला खरं सांगितलं. त्याला बगल देऊ नका, गळती शोधा.

अर्थिंग नव्यानं करा. जुन्या पाण्याच्या पाइपवर अर्थ घेतलेला असेल आणि तुम्ही पाइप प्लॅस्टिकचा टाकलात, तर अख्ख्या इमारतीचा अर्थ त्या दिवशी गेला. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून हे घडतं. आकाशातल्या विजेसाठीच्या वीजरोधकाचा अर्थ मुख्य अर्थिंगशी जोडा आणि पॅनलला सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण) द्या. इलेक्ट्रोडसाठी खड्डा खणण्याआधी पहिल्या टप्प्यातला नकाशा बघा. जुन्या पायाशेजारी खणणं म्हणजे वेगळी परवानगी.

जुन्या मेलेल्या वायरी काढायच्या की ठेवायच्या? ओढून काढताना गिलावा किंवा नक्षी जाणार असेल तर ठेवा, पण दोन्ही टोकं कापून, झाकून, "बंद" अशी चिठ्ठी लावून. जुने पितळी स्विच शोभेसाठी ठेवायचे असतील तर त्यांच्या आत वीज नको. मागे कमी व्होल्टेजचा रिले देता येतो.

९. झाकण्याआधी चाचणी

गिलावा, फळी, फरशी यातलं काहीही बंद करण्याआधी: सलगपणा, इन्सुलेशन, पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना), अर्थ लूपचा इम्पीडन्स (अर्थच्या वाटेचा रोध), आरसीसीबी किती वेळात पडतो, नव्या पाइपांची दाबचाचणी, निचऱ्यात बादलीभर पाणी ओतून बघणं. जुन्या, तशाच ठेवलेल्या पाइपांवर नव्या पाइपांचा चाचणीदाब देऊ नका. तो दाब त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो.

प्रत्येक झाकल्या जाणाऱ्या भागाचा, बाजूला टेप धरून, फोटो घ्या. पाच वर्षांनी खिळा ठोकणाऱ्या माणसाला हा फोटो नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पूर्ण भारावर काही तास चालवून पॅनलचे सगळे सांधे थर्मल कॅमेऱ्यानं बघा. रिकाम्या इमारतीत घेतलेली थर्मल तपासणी काहीच सांगत नाही.

१०. ताबा देताना

प्रत्येक डीबीच्या (डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या) दाराच्या आत सर्किटांची यादी, खोल्यांच्या बोली नावांनी. प्रत्यक्ष झालं तसे नकाशे; ठरलं होतं तसे नव्हे. देखभाल करणाऱ्या माणसाला दोन दिवस सोबत फिरवा आणि शेवटी त्याच्याच हातून सगळं बंद करून पुन्हा चालू करून घ्या.

तिसऱ्या टप्प्यातले लॉगर काढू नका. ते आणखी एक वर्ष तिथेच राहू द्या आणि दर महिन्याला आधीच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. बाहेरच्या भिंतीपाशी आर्द्रता आधीपेक्षा चढती दिसली, तर रंगाला फुगे यायची वाट न बघता त्याच आठवड्यात डक्टच्या क्लॅम्पपाशी हात फिरवून या.